आडवी राख

जातपडताळणीच्या दक्षता पथकाने गृहभेटीसाठी नेमका राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, निवडला, यात कट नव्हता. कट करायला निदान समोरच्याचे सणवार ठाऊक असावे लागतात. राजकन्येची आरोग्यसेविकेची नेमणूक वैधता प्रमाणपत्रावाचून अडली होती. कागदोपत्री ती हिंदू-मातंग. ती चर्चला जाते हे सिद्ध झाले, तर कायद्याच्या लेखी तिची जात संपणार होती. शिरूर अनंतपाळजवळच्या त्या गावाला मात्र याची खबर नव्हती. दोन पिढ्या चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना करूनही गावचा डांबरी रस्ता मातंग वस्तीच्या अलीकडेच संपत होता.

पहाटे तिने मरियेची तसबीर ज्वारीच्या पोत्यात खुपसली. स्वतः चर्चला जायचे टाळले. पण आई, पंचफुलाबाई, जाऊन आलीच, कपाळावर राखेचा ठसठशीत क्रूस घेऊन. पाठोपाठ निरीक्षक गुरुबसप्पा दारात उभा राहिला. त्याच्या कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे.

त्याची लेखणी थांबली. "मावशी, हे काय हो?"

"राख हाय. आपुन माती हाव, हे इसरू न्हाई म्हून लावतेत."

"माझ्या अर्जात मातीचा रकाना न्हाई," तो हसला. मग राजकन्येकडे वळून हलकेच म्हणाला, "ताई, अहवालाला फोटो लागतो. तेवढं आडवं करून घ्या, माझ्यासारखं. म्या काई बघितलं न्हाई."

माणूस दुष्ट नव्हता, हीच अडचण होती. दुष्टाला नकार देता येतो.

"पूस, आई."

"म्या न्हाई. नोकरी तुझी हाय, बोटं तुझी लाव."

राजकन्येने तीन बोटे ओली केली आणि आईच्या कपाळावरून डावीकडून उजवीकडे फिरवली. पंचफुलाबाईने डोळे मिटले नाहीत. ती लेकीकडे बघत राहिली. फोटो निघाला. कुलदैवताच्या रकान्यात महादेव बसला. गुरुबसप्पा दप्तर आवरून बाहेर पडला.

पंचफुलाबाईने चपला पायांत सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"चर्चला. फादर पुन्ना लावतेत का बघते."

"कुणी पुसली म्हणले तर?"

"सांगंन की. तेरेजानं पुसली म्हून."

बाप्तिस्म्याच्या वहीतले लेकीचे ते नाव आईने आजवर घरातही कुजबुजतच घेतले होते. आज उंबऱ्यावर उभी राहून, भर आवाजात घेतले. राजकन्येने दचकून बाहेर पाहिले. गुरुबसप्पा अजून मोटारसायकलला किका मारत होता. ती काही केल्या सुरू होत नव्हती.