वडीलधारा माणूस

दुष्काळ सरला त्या साली मी सोलापुरात बायकांच्या वॉर्डात सिस्टर होते. नीलम्मा मनगट मोडून आल्या. साठी कधीच उलटलेली बाई. पाय घसरला म्हणाल्या. पाय घसरून गळ्यावर बोटं उमटतात होय? मी पडदा ओढला तेव्हा कुठं म्हातारी रडली. नवरा लग्नापासून मारत होता. आता मात्र म्हणाला होता, घरी ये, जिवंत ठेवत नाही.

नवरा म्हणजे पेठेतले भुसार व्यापारी सिद्रामप्पा, सगळ्यांचे आप्पा. कपाळाला भस्म, बोलणं गोड. डॉक्टरसुद्धा उठून खुर्ची द्यायचे.

मी एकटी काय करणार? चौकीतले धुळाप्पा हवालदार आणि महिला मंडळाच्या यशोदाबाई, दोघांना गाठलं. ठरलं असं, की मी नीलम्मांना दवाखान्यातून गुपचूप बाहेर काढायचं, यशोदाबाईंनी मंडळाच्या खोलीत ठेवून घ्यायचं आणि हवालदारांनी आप्पांना चौकीत बोलावून दम द्यायचा. पत्ता कुणी फोडायचा नाही. सकाळी नीलम्मांना मागल्या दारानं टांग्यात बसवलं. त्या पदराआड थरथरत होत्या.

दुपारी धुळाप्पा भेटले ते खुशीतच. आप्पा खुर्चीत बसून ढसाढसा रडले म्हणे. बायकोची लुगडी पोचवायची म्हणून पत्ता मागत होते. एवढा वडीलधारा माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?

"दिलात?"

"दिला की."

काय बोलावं या माणसाला! तशीच गणवेशात धावत सुटले. सारखं वाटत होतं, उशीर झाला, संपली ती.

मंडळाच्या ओट्यावर आप्पा बसले होते, हातात कपबशी, चौकीत खुर्ची कशी मिळाली ते मोठ्यानं सांगत. यशोदाबाई साखर हवी का विचारत होत्या. दारात आलेल्या म्हाताऱ्याला उभं कसं ठेवायचं, म्हणाल्या. मी आत गेले. नीलम्मा एका हातानं पिशवी भरत होत्या.

"दवाखान्यात त्यांना खुर्ची, चौकीत खुर्ची, हितं चहा. मी कुटं लपू, बाई? जाते आपली."

तसे डोळे मी मरणाऱ्या माणसाचेही पाहिले नव्हते. माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन आप्पांच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि चहा अंगणात ओतला. ते चिडले नाहीत. नुसते काठी टेकून उठले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दार अडवून उभी राहिले, हलले नाही.

मागं नीलम्मांनी आतून कडी घातली.