टबातलं पाणी

भांड्यात थेंब पडला, तो पुन्हा गुलाबीच.

"आग लागो याला," निशिगंधा पुटपुटली आणि हातमोजे काढून टेबलावर आपटले.

कोलशेतच्या त्या प्रयोगशाळेत ती रंग अडवणारा पातळ पडदा बनवत होती. कापड रंगवल्यावर उरलेलं लाल पाणी एका बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने नितळ पाणी यायचं. पहिल्यांदा झकास जमलं, त्या जोरावर प्रकल्पही मिळाला. त्यानंतरचा प्रत्येक पडदा मात्र गळका. सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख विनिता मॅडम बघायला येणार होत्या, आणि नाही जमलं तर प्रकल्पाला टाळं, हे त्यांनी तोंडावर सांगितलेलं.

पॉलिमर बदललं, काच बदलली, दमट हवेला शिव्या घालून झाल्या. सोबतच्या कमलेशवरही तिने उगाच तोंड टाकलेलं. आज मात्र त्याचा धीर सुटला.

"तू आजारी होतीस ना, तेव्हा मी एक बनवलेला. चालला तो."

"काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही गं. तुझंच पॉलिमर, तुझीच काच."

"माझ्यासमोर कर."

कमलेशने काचेवर पॉलिमरचा पातळ थर ओढला. आता काच पाण्याच्या टबात बुडवायची. थरातलं सॉल्व्हंट, म्हणजे पॉलिमर विरघळवणारा द्रव, पाण्यात उतरतं आणि थर घट्ट होऊन पडदा बनतो. पण त्याआधी त्याने टब उचलला आणि सगळं पाणी सांडपाण्याच्या पिंपात ओतून दिलं.

"अरे, अरे! चांगलं पाणी आहे ते!"

कमलेश थबकला. "किती पडदे काढलेस त्यात? सगळ्यांचं सॉल्व्हंट साचलं असेल."

पाणी दर वेळी बदला, हे नव्या मुलांना निशिगंधाच तर शिकवायची. पण लहानपणापासून दिवा गावात, टँकरच्या पाण्यावर वाढलेली ती. घरी भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची आणि फरशीचं पाणी संडासात. असं नितळ पाणी ओतायला हातच धजायचा नाही. एवढ्याने काय होतंय, असं म्हणत ती रोज त्याच पाण्यात काच बुडवत राहिली.

नव्या पाण्यातला पडदा यंत्रात बसवला. थेंब पडला, स्वच्छ. कमलेशने टाळी वाजवली. निशिगंधाला आधी रडू आलं, मग स्वतःचाच असा राग आला की बस!

तेवढ्यात आईचा फोन. मालनबाईंचा आवाज चढलेला. "अगं, आजपण टँकर आला नाही मेला. तिकडून एक कॅन भरून आणशील?"

"आणते."

सोमवारसाठी आणखी पडदे हवे होते. कमलेशने टबाला हात घातला.

"थांब, मी ओतते," ती म्हणाली. फोन खांद्याने कानाशी दाबून तिने टब उचलला आणि पिंपावर कलता केला.

"निशा, पाणी वाजतंय बघ तुझ्याकडे," आई म्हणाली. "नळ उघडा राहिलाय कुणाचा तरी. बंद कर आधी!"

"हो आई, करते," ती म्हणाली, आणि टब आणखी कलता केला.