लाभ, दोन, तीन

घरधन्याचं नाव तोंडानं घेऊ नये, पन सांगनं भाग हाये म्हनून घेते. पुंजाजी. नांदुऱ्याच्या बाजारात ते मापारी होते. नव्या राज्याचे नवे किलो आले, तरी खयावर कास्तकार त्याइच्याच पायलीनं जवारी मोजून घेत. असा मानूस त्या साली दोनदा मोजता मोजता राशीवर कोसयला. लोकं म्हनले, "पुंजाजी पेऊन येते." माह्यं डोस्कंच फिरलं. ज्यानं जिंदगीत सुपारी खाल्ली नाई, तो दारू पेईन?

मलकापूरच्या डाक्टरनं हातापायाले पट्टे बांधून मशिनीतून कागद काढला. रेघा एकदम साफ.

"यंत्रात काही दिसत नाही, बाई," डाक्टर म्हनला. "ठोका चुकत असेल तर तो घरी चुकतो, आणि यंत्र काही घरी नेता येत नाही. दिवसातून तीनदा नाडी मोजा. पंधरा दिवसांनी सांगा. चुकत असेल तर औषध देईन. नसेल तर देणार नाही, ते औषध जहाल आहे. पण चुकत असून राहून गेलं, तर जिवाला धोका आहे."

आता मी शाळेची पायरी चढली नाई. मोजनं शिकली ते याइचं ऐकून. मापारी पहिल्या पायलीले 'एक' म्हनत नाई, 'लाभ' म्हनते. लाभ, दोन, तीन. मले तसंच मोजनं येते, तेच मनगटावर चालवलं. ठोका हुकला का वाटीत तुरीचा एक दाना. तव्यावर भाकर करपली, पन मी बोट उचललं नाई.

पंधरा दिवसानं याइले अन् वाटी घेऊन डाक्टरपुढं उभी राह्यली. "सकायी नाडी बरोबर चालते, दुपारी बिघडते," म्हनलं. "लाभ, दोन, तीन, चार, अन् एखाद्या डावाले पाचवा येतच नाई."

डाक्टर हसला. "बाई, तुम्ही एक तर मोजतच नाही! ठोका यांचा नाही, तुमचा चुकतो." कंपाउंडरनंबी दात काढले. हे मान खाली घालून उठले. "चाल वं घरी," म्हने.

मंग मात्र मी पेटली. "डाक्टरसाहेब, लाभ म्हनजेच एक! अख्ख्या तालुक्याची जवारी याच मोजन्यानं गेली, एक दाना इकडचा तिकडं झाला नाई. आमची बोली तुमाले समजली नाई, तर माह्या मानसानं मरावं काय? तो हात तुमी धरा, हा मी धरते. मिटा डोये!"

मानूस भला होता. खरंच डोये मिटून बसला. एक डाव शंभर झाले, काई नाई. दुसऱ्या डावाले शंभर, तरी काई नाई. देवा, आताच हा ठोका कसा बरोबर चालतो रे! तिसऱ्या डावाले तिसाच्या वर गेलो अन् मी ओरडली, "गेला!" त्याच घडीले डाक्टरनं डोये उघडले. "अजून गेला!" मी म्हनलं. त्यानं मान डोलावली.

डाक्टर उठला अन् चक्क माह्यापुढं हात जोडले. "चुकलो, बाई. औषध आजपासून सुरू. कमी-जास्त करायचं ते तुमच्या मोजण्यावर." कंपाउंडरचे दात आत गेले.

परतीच्या गाडीत नांदुऱ्याच्या बाजारची धा-बारा मानसं होती. याइनं बाही वर केली अन् हात सरळ माह्या मांडीवर ठेवला. लगनाले सत्तावीस वर्सं झाली, चारचौघात आमी कधी बाजूबाजूले बसलो नव्हतो.

"अवो, लोकं पाहून राह्यले ना!"

"पाहू दे," ते म्हनले. "मापाऱ्याले मोजनारी भेटली. मोज तू."

मंग मीबी असं मोजलं, का डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.