बाजूच्या सीटचा ब्रेक

ब्रेकसरांचा उजवा पाय खुद्द ब्रेकसरांपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. बाकीचं शरीर नुकतं साठीला टेकलेलं, पाय मात्र सत्तरी ओलांडून बसला होता. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवण्यात गेली. शिकणारा स्टिअरिंगवर, सर बाजूच्या सीटवर, आणि सरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला एका लोखंडी दांडीने जोडलेला. कुत्रं आडवं आलं, दाब. वळण आलं, दाब. काहीच आलं नाही, तरी थोडा दाबून ठेवलेला बरा. असं होता होता पाय सरांना विचारेनासा झाला. सलूनमध्ये वस्तरा गालावरून जरा वेगात उतरला की पाय दाबला जाई; त्या खुर्चीची पायटेकणी दोनदा बदलावी लागली. घरी दूध वर यायला लागलं की बायको गॅसकडे धावे आणि सर बसल्या जागी फरशी दाबत. दूध थांबत नसे, फरशी मात्र खचत गेली. आता तिथे चांगला वाटीएवढा खळगा झालाय आणि उतू गेलेलं दूध बायको त्यातच मांजराला घालते. खोटं वाटत असेल त्याने मांजराला विचारावं.

तर अशा ब्रेकसरांची गाडी गेला महिनाभर किंचाळत होती. थांबताना अशी शीळ घाली की समोरची शिवणकाम करणारी बाई त्यावर घड्याळ लावी आणि तीन गल्ल्यांतली कुत्री आपल्यालाच हाक आली असं समजून धावत येत. सरांनी तिकडे कानाडोळा केला होता. डोळे, कान, पाय, सगळंच थकलेलं; त्यात गाडीचं कोण ऐकून घेतो? पण गुरुवारी सकाळी शीळ बंद झाली आणि तिच्या जागी दगडावर पत्रा घासल्यासारखी खरखर सुरू झाली. तेव्हा मात्र सरांनी गाडी तडक गॅरेजकडे वळवली. कारण शुक्रवारी मुलीची लायसन्सची परीक्षा होती, आणि ती याच गाडीवर द्यायची होती.

मुलगी तीनदा नापास झाली होती. सरांच्या बोर्डावर 'शंभर टक्के पास' असं लाल रंगात लिहिलेलं. कुणा टवाळाने त्याखाली खडूने 'घरचे सोडून' अशी भर घातली होती. तिन्ही वेळा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागदावर एकच शेरा मारला: ब्रेक उशिरा. आता तिला औषधं पोचवायच्या गाडीवर नोकरी मिळत होती. सोमवारी लायसन्स दाखवलं तर तिची, नाहीतर तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाची. पुढची तारीख तीन महिन्यांनंतर. म्हणजे उद्याची चौथी खेप हुकली की सगळंच हुकलं.

गॅरेज सरांच्या मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने आडवा, बोलायला तिखट, आणि पाना हातात असला की तोंड जास्त चाले. त्याने गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं, आत हात घातला आणि बिस्किटाच्या तुकड्याएवढं काहीतरी सरांच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुमचा पॅड."

"एवढुसाच?"

"बोटभर जाड बसवला होता, दाजी. चार महिन्यांपूर्वी. लोकांचा तीन-तीन वर्षं जातो. तुम्ही काय टोस्टसारखा चहात बुडवून खाल्लात?"

"शिकाऊ गाडी आहे. पोरं दाबतात."

"पोरं नाही दाबत." मेहुणा उकिडवा बसला आणि डिस्कवरून अंगठा फिरवू लागला. त्या चकचकीत चकतीवर नांगरल्यासारखे चर पडले होते. "पोरांना दाबायला मिळतंय कुठे? त्यांचा पाय पोचायच्या आत तुमचा पोचलेला असतो. भाचीचं तेच झालंय. तिने आयुष्यात एकदा तरी ब्रेक मारलाय का? तिच्या वाटचे सगळे तुम्हीच मारलेत."

सरांना हे आवडलं नाही. पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. ते जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी उजवा बूट सैल केला.

"किती होतील?"

"पॅड नवे. डिस्कही बदलायला हव्यात, चर पडलेल्या डिस्कवर नवा पॅड बसवणं म्हणजे पैसे चुलीत घालणं. मजुरी ताईच्या तोंडाकडे बघून सोडली असती, पण परवा तीच म्हणाली, यांच्याकडून पुरती घे, त्याशिवाय पाय उचलायचे नाहीत." मग त्याने आकडा सांगितला.

तो आकडा सरांच्या ओळखीचा होता. कपाटात, स्वेटरच्या घडीखाली, जवळजवळ तेवढंच पाकीट होतं. तळ्याकाठी आठ दिवस एक खोली घ्यायची आणि दोघांनी नुसतं बसून राहायचं, असं ठरून सहा वर्षं झाली होती. बायकोने तिथे नेण्यासाठी वेगळी चादरसुद्धा घेतली होती. ती आता धुऊन धुऊन विटली. सरांनी डोळे मिटले. आठ दिवस पाय पाण्यात सोडून बसलेला एक माणूस त्यांना दिसला. तो उठला, त्याने पाय पुसले आणि तो निघून गेला.

"कर," सर म्हणाले.

दुपारी तीनला गाडी जॅकवरून उतरली. मेहुण्याने हात पुसत सरांना बाजूला घेतलं. त्याच्या हातात ती लोखंडी दांडी होती.

"हिचा सांधा बघा. अर्धा तुटलाय. कधीतरी ब्रेकखाली अडकली असती आणि मग कुणालाच थांबता आलं नसतं. काढून टाकली. नवी परवा येईल."

"म्हणजे माझा ब्रेक?"

"पेडल आहे, दाबा की हौसेने. खाली काही नाही. पोरीच्या पायाखालचा ब्रेक ठणठणीत आहे. आणि हे बघा, नवे पॅड एकदम जोरात दाबायचे नाहीत, करपतात. मोकळ्या रस्त्यावर न्यायची, साठवर आणायची, हळूहळू दाबून वीसवर उतरवायची. सोडायची, वारा लागू द्यायचा, पुन्हा. असं पंचवीस वेळा. हे काम तुमचं नाही, तुमचा पाय घणासारखा पडतो. भाचीला करू द्या."

"तिला दांडीचं सांगू नकोस," सर हळूच म्हणाले. "धसका घेईल."

"बरं," मेहुणा म्हणाला, आणि का कोण जाणे, मिशीतल्या मिशीत हसला.

मुलगी चार वाजता आली आणि ब्रेकचा झटका कळावा म्हणून तिने डॅशबोर्डवर पाण्याचं भांडं ठेवलं. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता. एका बाजूला लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण. सर बाजूच्या सीटवर बसले, पट्टा ओढून घेतला आणि उजवा पाय त्या मेलेल्या पेडलवर ठेवला.

"बाबा, घाम का आलाय तुम्हाला?"

"उकडतंय."

"खिडकी उघडी आहे."

"तरी उकडतंय. चल."

पहिल्या वेळी साठवरून उतरायचं आलं तेव्हा सरांच्या पायाने नेहमीप्रमाणे परवानगी न घेता उडी मारली. पेडल थेट तळाला गेलं. ओल्या गादीत पाय रुतावा तसं. पण गाडी उतरली. पन्नास, चाळीस, तीस. जरा अडखळत उतरली, उतरली मात्र.

मुलीने एकदा खाली पायाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग समोर.

"पुन्हा करू?"

"कर."

दुसऱ्यांदा. पाचव्यांदा. सर प्रत्येक वेळी जीव खाऊन दाबत होते आणि प्रत्येक वेळी दाबून उपयोग नाही हे त्यांना नव्याने कळत होतं. दहाव्या खेपेला मांडी थरथरायला लागली. पंधराव्या खेपेला पायाने पहिल्यांदाच जरा उशीर केला. विसावी खेप चालू असताना पुढच्या गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे न बघता उलटा बाहेर आला.

सरांनी पेडल असं दाबलं की बुटाची टाच उखडली. त्यांना ओरडायचं होतं, पण तीस वर्षांत त्यांना ओरडायची गरजच पडली नव्हती. ते काम पायाने केलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रक चार हातांवर होता आणि गाडी उभी होती. डॅशबोर्डवर मुलीने ठेवलेलं उघड्या तोंडाचं पाण्याचं भांडं तसंच होतं. एक थेंब सांडला नव्हता. (ट्रकवाला पुढे सांगत फिरला की भांडं शिगोशीग भरलेलं होतं. ते खरं नाही. अर्धं होतं.)

ट्रक गेला. मुलीने गाडी बाजूला घेतली.

"तुमचा ब्रेक चालत नाहीये ना?" ती म्हणाली.

सर उखडलेली टाच बुटाला लावून बघू लागले.

"पहिल्याच वेळी कळलं मला. पेडल हललं नाही."

"हललं नाही म्हणजे? मी तर दाबत होतो."

"माझं, बाबा. माझ्या पायाखालचं. एरवी मी पाय टेकवते तेव्हा ते आधीच खाली गेलेलं असतं. आपसूक बुडतं. मला वाटायचं, ब्रेक असाच असतो. परीक्षेत साहेब बाजूला बसले की मी वाट बघत राहायची, कधी बुडतंय म्हणून."

तीस वर्षं दांडीच्या एका टोकावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या टोकाला काय होतं हे ठाऊकच नव्हतं. गाडी ते एकटेही चालवत, पण तेव्हा बाजूच्या सीटवर दाबायला कोण असणार?

"मग पहिल्याच वेळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही धसका घेतला असता." तिने गियर टाकला. "पाच राहिलेत. पाय खाली ठेवा."

शुक्रवारी परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाशी उभं राहून सरांनी जमीन इतकी दाबली की पहारेकऱ्याने विचारलं, "काका, विहीर काढताय का?" पण कागदावर या वेळी साहेबांना लिहायला काहीच सापडलं नाही. नुसती सही करून त्यांनी तो मुलीच्या हातात दिला.

शनिवारी नवी दांडी आली. मेहुणा म्हणाला, "बसवायची का?"

"बसव. सोमवारी सात वाजता एक नवी बाई येणार आहे. तिला स्टिअरिंग आणि खिडकी यातला फरक माहीत नाही." सरांनी पाकिटातली उरलेली नोटही त्याच्या पुढे ठेवली. आता स्वेटरखाली फक्त स्वेटर होता.

दांडी बसली. मुलगी सवयीने उजव्या दाराकडे गेली, तर तिथे सरच बसलेले.

"तू बाजूला बस," ते म्हणाले. "आणि मी दाबायच्या आत दाब."

गाडी जागच्या जागी उभी. सरांनी पाय ब्रेकवर नुसता टेकवला. ती बाजूच्या सीटवर बसली, आणि तिने दाबलं. सरांच्या पायाखालचं पेडल आपसूक, मुकाट्याने खाली गेलं, आणि पाय त्याच्याबरोबर.

"हे असं होतं?"

"रोज."

मेहुणा बाहेरून ओरडला, "उतरा आता, दुसरी गाडी आत घ्यायचीय!"

"जरा थांब," सर म्हणाले. त्यांनी मान मागे टेकली. "तू सोडू नकोस गं. दाबून ठेव अजून थोडा वेळ."