डुकरांची हाक

मिसुरीच्या त्या डोंगरात डुकरं वर्षभर रानात मोकाट चरत आणि त्यांना बोलवायची हाक घरागणिक वेगळी असे. बॅलर्डांची हाक शेवटी लांब वर चढे, "सूऽई, सूऽई, होऽऽ!" शेजारचा मेला ईनस टॅकेट ती हुबेहूब मारायचा आणि त्यांची डुकरं बिनदिक्कत आपल्या कुंपणात घ्यायचा. तो शेवटचा चढ तेवढा त्याला कधी जमला नाही; तिथं त्याचा आवाज फाटायचा. यावरून दोन्ही घरांत डोकी फुटली होती. उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध पेटलं आणि टॅकेट दक्षिणेच्या बंडखोरांना मिळाला. ते कळताच हायरम बॅलर्डनं सरकारी पलटणीत नाव घातलं, वर धाकट्या भावाला, जेथ्रोलाही ओढलं. "त्याला परत आण, नाहीतर तूही येऊ नकोस," आईनं बजावलं होतं.

आता ओकच्या झाडीत धूर असा दाटला होता की हातभर पलीकडचं दिसेना. गणवेश कुणालाच मिळाले नव्हते. दोन्हीकडचे घरच्याच कपड्यांत एकमेकांचे जीव घेत होते. पलटण मागं हटली तेव्हा जेथ्रो तिच्यात नव्हता.

हायरम एकटाच उलटा फिरला. ओंडक्याआड बसून त्यानं घरची हाक मारली.

धुरातून उत्तर आलं ते ईनसचं. "कोण, हायरम का? लढाईतही डुकरंच शोधतोयस?"

"थांब चोरा, तुझं तोंड कायमचं बंद करतो!"

"ये की! भावालाही आण सोबत."

हायरमचं डोकं भणभणलं. थोड्या वेळानं हाक आली, "सूऽई, सूऽई, हो..." शेवटाला आवाज फाटला.

"अजून जमलं नाही होय रे तुला?" हायरम पुटपुटला आणि आवाजाच्या रोखानं त्यानं बार काढला. कुणीतरी धप्पकन पडलं. त्याला चक्क हसू आलं.

"हायरम?" ईनसचा आवाज भलत्याच बाजूनं आला. "मी इकडे आहे. तू मारलंस कुणाला?"

हायरम सरपटत गेला. जेथ्रोच्या गळ्यावरच्या जखमेला रुमाल बांधलेला होता, रक्त वाळून कडक झालेला. छातीतलं रक्त मात्र ताजं होतं.

"जेथ्रो! अरे, मी आहे!"

हायरमनं त्याचे डोळे मिटले, उभा राहिला आणि घरची हाक पार शेवटच्या चढापर्यंत नीट मारली. पुन्हा मारली. ईनसला नेम धरायला तेवढं पुरे होतं.

"नाही मारणार तुला," ईनस ओरडला. "घरी जा. आईला सांग."