मुक्ताबाई मरायला निघाली तेव्हा

पंचशीलाचे व्हिडिओ कुणी बघत नव्हतं. अंबाजोगाईतल्या एका संस्थेसाठी ती वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराची माहिती देणारं चॅनल चालवायची. आकृत्या अचूक, शब्द तपासलेले, मागे मंद संगीत. तरी बघणारे बहुतेक संस्थेतलेच.

"पोरं माहितीला कंटाळतात," संस्थेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाची तरी खरी गोष्ट आण."

मैत्रिणींनी हात वर केले. शेवटी नेकनूरला घरी गेल्यावर तिनं आईलाच गाठलं. मुक्ताबाईची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की तिनं घरात मीठ मागितलं तरी शेजारीण मीठ घेऊन यायची.

"आई, तुझी पहिली पाळी कशी आली, सांग ना."

"हे काय इचारणं झालं, पंचे?" म्हणत मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला, आणि मग हसत हसत सांगायलाच बसली.

तेव्हा ती लहान होती. रक्त बघितलं आणि तिला वाटलं, आपण आता मरणार. सांगायचं कुणाला? मग तिनं शहाण्यासारखी निरवानिरव केली. रिबिनी मैत्रिणीला दिल्या, लाडकी शेळी धाकट्या भावाला, कचरूला दिली, आणि गोठ्यात पोतं अंथरून डोळे मिटून पडली.

"दुपार झाली तरी मरण येईना. भूक मातर लई लागली. उठले, भाकर मागाय गेले. आईनं परकर बघितला, एक फडकं दिलं, म्हनली, आता पोरात खेळायचं न्हाई. झालं. कावून येतं, काय असतं, काईच सांगितलं न्हाई. अन् कचरूनं शेळी वापस दिली न्हाई."

आईची परवानगी घेऊन पंचशीलानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चेहरा दाखवला नाही, नाव बदलून 'सुनंदा' केलं. शेवटी डॉक्टरबाईंनी पाळी का येते ते साध्या शब्दांत सांगितलं.

हा व्हिडिओ चालला. खाली पोरी आपापल्या गोष्टी लिहू लागल्या. एकीला वाटलं होतं, ओढ्यात जळू चावली. एका मुलानं विचारलं, बहिणीच्या पोटात दुखतं तेव्हा मी काय करू?

पण चेहरा झाकला तरी आवाज कसा झाकणार? एक दिवस गिरणीवर एक पोरगी डबा ठेवत म्हणाली, "सुनंदामावशी, गहू बारीक दळा."

मुक्ताबाईचा फोन आला. "पंचे, गावाला कळलंय." एवढंच बोलून तिनं ठेवून दिला.

जगासमोर बोलायला आई तयार होती. पण गल्लीत कळलं तर चालेल का, हे पंचशीलानं विचारलंच नव्हतं. व्हिडिओ काढून टाकायचा ठरवूनच ती बसमध्ये बसली.

गिरणीवर गल्लीतला उत्तरेश्वर उभा होता. बायको वारल्यापासून एकटाच मुलीला वाढवत होता. माणूस मुलखाचा लाजाळू. ज्वारीच्या डब्याकडे बघत तो मुक्ताबाईला सांगत होता, "अक्का, पोरीला कसं सांगावं, वरीसभर घोकत व्हतो. तुमचा व्हिडिओ लावून दिला अन् भाईर जाऊन बसलो. तिनं समदा ऐकला. म्हनली, मला असं झालं तर तुमालाच सांगीन."

मुक्ताबाईनं त्याचा डबा आत घेतला.

तो गेल्यावर पंचशीला म्हणाली, "आई, मी काढून टाकते तो व्हिडिओ."

"कावून?"

"लोक हसतात ना तुला."

"हसतेत. मीबी हसले की सांगताना. राग त्याचा न्हाई." मुक्ताबाईनं हातावरचं पीठ झटकलं. "सुनंदा कोण बया? मरायला निघाले मी, शेळी गेली माझी, अन् नाव तिचं?"

"नाव बदलायचा नियम आहे, आई."

"जिला भ्या वाटतं तिच्यासाठी ऱ्हाऊ दे. मला वाटत न्हाई."

पंचशीलाला हसू आवरेना. तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी मुक्ताबाईला नीट विचार करायला सांगितलं. मुक्ताबाई म्हणाली, केलाय. मग तिनं गिरणी बंद केली, दारात स्टूल ओढलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन तिथंच थांबल्या.

"मी मुक्ताबाई," ती मोबाइलकडे बघून म्हणाली. "नेकनूरला गिरणी हाय माझी."

मागे सत्तरीच्या रुक्मिणीबाईंनी डबा खाली ठेवला आणि पंचशीलाच्या खांद्याला हात लावला.

"हिचं झालं की माझंबी घे," त्या म्हणाल्या.