प्लॅस्टिक चढवलेला परवाना

मित्रांनो, स्वतःला जुना म्हणवून घ्यायची मला लाज वाटते, कारण माझे वय अवघे तीन वर्षे आहे. पण आम्हा परवान्यांच्या जातीत तीन वर्षे म्हणजे म्हातारपणच. मी एक कागद आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात, निर्वासितांच्या कचेरीत एका कुरकुरणाऱ्या यंत्रातून मी बाहेर पडलो. माझ्या कोपऱ्यात एका बाईचा फोटो चिकटवला, खाली तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला. मधोमध एक ओळ छापलेली होती: धारकास या देशात काम करण्याची मुभा आहे. त्या ओळीवर माझा सगळा तोरा होता.

ती बाई म्हणजे नसिमिरे. कांगोतल्या बुकावूची सुईण. अकरा वर्षे तिने तिथे लोकांची बाळे जगात आणली. मग लढाई दारापर्यंत आली आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. तिचे दाखले घराबरोबर जळाले. इथे ती कोण आहे हे सांगणारा मी एकटाच होतो.

माझा जीव सहा महिन्यांचा. दर सहा महिन्यांनी कचेरीत जायचे, खिडकीशी उभे राहायचे, की माझ्या पाठीवर नवा शिक्का आणि नवी तारीख. कांगोच्या माणसांचा वार गुरुवार. गुरुवार हुकला की आठवडा हुकला. अशा पाच शिक्क्यांनी माझी पाठ भरत आली होती.

नसिमिरे मला चार घड्या घालून, पावाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवी. कामाच्या शोधात ती जिथे जाई तिथे मी उलगडला जाई, आणि बहुतेक ठिकाणी माझे स्वागत एकाच प्रश्नाने होई.

"हे काय? कार्ड नाही का तुझ्याकडे?"

"आम्हाला हेच देतात, साहेब. वाचा ना, कामाची मुभा लिहिलीय."

"लिहायला काय, कुणीही काहीही लिहील."

माझ्या तोऱ्याची अशी रोज माती होई. शेवटी तिने पिवळे जाकीट चढवले आणि समुद्राकाठी लोकांच्या गाड्या राखायला उभी राहिली. खाऱ्या हवेने आणि घामाने माझ्या घड्या विरल्या. तिने मागून चिकटपट्टी लावली, तरी मी कुरकुरत राहिलो. काय जगणे आहे हे, असे मला वाटे. तिच्या पायांना काय वाटत होते, याचा विचार मी कधी केला नाही.

आणि एके दिवशी काम चालून आले. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आया हवी होती. तिथल्या मेट्रन मूनसामीबाईंनी नसिमिरेला एका आजोबांचे अंथरूण बदलायला सांगितले. आजोबा अंथरुणातच होते. नसिमिरेने त्यांना न उठवता चादर बदलली आणि ते घोरतच राहिले. मूनसामीबाई बघत राहिल्या.

"कुठे शिकलीस?"

"सुईण होते, मॅडम."

"इथे बाळं नाहीत हां, इथे सगळे ऐंशीच्या पुढचे."

"उचलायची रीत तीच असते, मॅडम. हे जरा जड."

बाई हसल्या. मग त्यांनी मला हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि गंभीर झाल्या. "याची मुदत अठ्ठावीसला संपते. तू पहिल्या तारखेला ये, पण नवा शिक्का मारून, आणि मूळ कागद घेऊन. मागच्या वर्षी एकीचा कागद मी बघितला नाही. तपासणी आली आणि महिनाभर मी खुलासे लिहीत बसले. माझी नोकरी जाता जाता राहिली. तेव्हा रागावू नकोस, कागद नाही तर काम नाही."

त्या दिवशी नसिमिरे चालत नव्हती, तरंगत होती.

ती ज्या खोलीत पडद्याआड राहत असे, त्या खोलीची मालकीण म्हणजे गोगो मठेम्बू. गोगो म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, जिभेने तिखट आणि मनाने भाबडी. तिने माझी अवस्था पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं पोरी, हा कागद आहे की पायपुसणं? असला घेऊन जाणार मोठ्या बाईंसमोर?"

"काय करू गोगो, घामाने झालंय."

"आमच्या काळात, गोऱ्यांच्या राज्यात, काळ्या माणसाच्या खिशात पास नसला तर पोलीस थेट गाडीत कोंबायचे. माझा नवरा पास घरी विसरून पाव आणायला गेला, तो नवव्या दिवशी आला."

"आणि पाव?"

"पाव कसला, तुरुंगात मिशासुद्धा उतरवल्या होत्या त्याच्या." गोगोने पलंगाखालून एक पेटी ओढली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तिचे पेन्शनचे कागद, चर्चच्या महिला मंडळाचे पत्र, सगळ्यांना चकचकीत प्लॅस्टिक चढवलेले होते. "बघ. पूर आला तरी यांना काही होत नाही. कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याकडे जा. दोन मिनिटांचं काम."

खरे सांगतो, मित्रांनो, मला फार आनंद झाला. दुकानदाराने मला दोन पारदर्शक तावांमध्ये ठेवले आणि तापल्या रुळांतून ओढले. बाहेर आलो तो ताठ. घड्या दिसेनाशा झाल्या, माझी ती ओळ आरशासारखी चमकू लागली. गोगोने मला उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "आता कसा साहेब दिसतोय." नसिमिरेने माझ्यावरून पदर फिरवावा तसा हातरुमाल फिरवला. इतके मला कोणीच कधी जपले नव्हते.

सत्तावीस तारखेला गुरुवार होता. पहाटेपासून रांगेत उभे राहून दुपारी आम्ही खिडकीशी पोहोचलो. कारकून थकलेला होता, पण वाईट नव्हता. त्याने मला पालथे केले, उरलेल्या जागेवर शिक्का दाबला आणि उचलला. शाई थेंबाथेंबाने घसरली. त्याने पुसून पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, हे काय करून आणलंस?"

"फाटत होता, म्हणून जपला, साहेब."

"आता शिक्का मारू कुठे? तुझ्या कपाळावर?"

मागची रांग हसली. नसिमिरेही हसली. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचे असते, हे ती तीन वर्षांत शिकली होती.

"प्लॅस्टिक घातलेला मूळ कागद आम्ही बाद धरतो," तो म्हणाला. "पोलिसांकडून शपथपत्र आण. मग फाइल शोधायची, मग नवा कागद. सहा आठवडे तरी धर."

"साहेब, पहिल्या तारखेला मला काम लागतंय. माझी फाइल चालू आहे, एवढी एक ओळ लिहून द्या."

"तसलं पत्र आमच्याकडे नसतं. पुढे कोण?"

घरी आल्यावर तिने ब्लेडने माझा कोपरा उचकटून पाहिला. प्लॅस्टिकबरोबर माझे कातडे निघाले आणि फोटोतला तिचा डावा डोळा त्यावर चिकटून गेला. तिने ब्लेड खाली ठेवले. गोगो पलंगावर बसून होती. तिचा सगळा तिखटपणा कुठे गेला कोण जाणे.

"शाईचं मला कुठं ठाऊक, पोरी," एवढेच ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पहिल्या तारखेला नसिमिरे मला घेऊन टेकडीवर गेली. मूनसामीबाईंनी एकडोळा फोटो पाहिला, काल-परवा सरलेली तारीख पाहिली. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"तू खोटं बोलत नाहीस, कळतंय मला. पण तपासणीला मी काय दाखवू, तुझा चेहरा?" त्या म्हणाल्या. "शिक्का मिळाला नाही हे तू फोनवर कळवलंस, म्हणून दुसरी घेतलीय मी. कालच."

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. एक आजी उशांवरून घसरून पलंगाच्या कठड्याशी अडकल्या होत्या. नसिमिरे धावली. तिचे हात पुढे झालेही होते.

"हात लावू नकोस," मूनसामीबाई दारातून म्हणाल्या. "नसिमिरे, मागे हो. काही झालं तर कोण होती म्हणून सांगू मी?"

नसिमिरे मागे झाली. तिने हात पाठीशी बांधले आणि एका हातात मी होतो. नवी आया आली. विशीतली, नवा करकरीत गणवेश, आणि घाबरलेली. तिने आजींना काखेत धरून ओढले. आजी ओरडल्या.

"आधी मानेखाली हात घाल," नसिमिरे भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "दुसरा कमरेखाली. त्यांना श्वास घेऊ दे. हं, आता तुझ्याकडे वळव."

आजी सरळ झाल्या. मुलीने वळून आभार मानले. मूनसामीबाई टेबलावरचे कागद चाळत राहिल्या, मान वर न करता. तिच्या हातचे काम दुसरीला शिकवून आम्ही टेकडी उतरलो.

नवा परवाना सात आठवड्यांनी मिळाला. तो तिच्या पोलक्यात असतो आणि ती पिवळे जाकीट घालून गाड्या राखते. मी गोगोच्या पेटीत आहे. मला कोणी फेकत नाही आणि माझ्याकडे कोणी बघतही नाही.

मित्रांनो, माझ्या वयाचे सगळे शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला जपले आणि माझ्या बाईचे वाटोळे झाले. तुमच्यातला कोणी मोठेपणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. त्याने नियम जरूर पाळावा, पण तो बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर सांगावा. 'याला प्लॅस्टिक घालू नको', एवढेच कोणी म्हटले असते, तर त्या आजी आज नसिमिरेच्या हातावर रेलून जेवल्या असत्या. आम्ही सहा गुरुवार त्या खिडकीशी उभे राहिलो होतो, पण कोणालाही ते बोलायला सुचले नाही.